हेडफोन एकच, अँप्लिफायर दोन

स्टॅक्सचा एसआर-००७ हा इलेक्ट्रोस्टॅटिक हेडफोन (यात विद्युतभारित पातळ पडदा हलून आवाज होतो) आधी माझ्याकडच्या जुन्या, छोट्या अँप्लिफायरवर ऐकला. हळू आवाजात व्हायोलिन अगदी कानाशी. पण ऑर्केस्ट्रा भरात आला की सगळी वाद्यं एका गठ्ठ्यात बांधल्यासारखी वाटायची. दोष हेडफोनचाच, असं मी महिनाभर धरून चाललो होतो!

मग स्टॅक्सचाच मोठा अँप्लिफायर, एसआरएम-३५३एक्स, जोडला. तोच गोंगाट सुटा झाला, टिंपनीची थाप पोटात जाणवली.

कारण साधं आहे. इथे वॅट मोजून उपयोग नाही, व्होल्ट बघायचे. या हेडफोनला १०० डेसिबलसाठी १०० व्होल्ट लागतात आणि व्होल्टेज दुप्पट केलं तरी वाढतात फक्त ६ डेसिबल. त्यामुळे ३५३एक्सचे ४०० व्होल्ट चैनीचे नाहीत. शिवाय हेडफोन विजेच्या दृष्टीने कपॅसिटरच, म्हणजे विद्युतभार साठवणारा भाग. स्वर जितका वरचा, तितका करंट जास्त मागतो. लहान अँप्लिफायर नेमका तिथे दमतो. अर्थात रात्री हळू ऐकणाऱ्याला हा फरक फारसा कळणार नाही.

सॉकेट मात्र नीट बघा. जुन्या सहा छिद्रांच्या सॉकेटमध्ये बायस, म्हणजे पडदा सतत भारित ठेवणारं व्होल्टेज, २३० व्होल्ट, नव्या पाच छिद्रांच्या प्रो सॉकेटमध्ये ५८०. गंमत म्हणजे या हेडफोनचा पाच पिनांचा प्लग जुन्यातही बसतो. मी तसाच लावला होता. आवाज आला, पण क्षीण, आजाऱ्यासारखा.

छोटा अँप्लिफायर आता कपाटात आहे.