रेडी : बंदर की पर्यटन?

खाणींची भरभराट ओसरल्यावर वेंगुर्ले तालुक्यातल्या रेडीने कशावर उभं राहायचं? २००९ पासून सावंतवाडीतून निवडून येणारे आमदार दीपक केसरकर पर्यटनाचा आग्रह धरतात. दुसरा पर्याय बंदराचा.

बंदराची बाजू सरळ आहे. लोहखनिज इथूनच जहाजात चढायचं, त्यामुळे डंपरवाले, गॅरेजवाले, खानावळी यांना या धंद्याची सवय आहे. पण बंदराला रेल्वेमार्ग जोडलेला नाही. माल वाढला की अरुंद रस्त्यावर पुन्हा डंपरच, आणि काजूच्या पानांवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर तीच तांबडी धूळ.

पर्यटनाचं भांडवल मात्र गावातच आहे. १९७६ मध्ये खाणीच्या जागेत सापडलेला द्विभुज गणपती, माडांमागचा यशवंतगड, शेजारी १९३०च्या मिठाच्या सत्याग्रहाचं शिरोडा. मोपा विमानतळ सुरू झाल्यापासून पाहुणा गोव्याच्या हद्दीपर्यंत येतोच. अडचण पावसाळ्याची, चार महिने खोल्या रिकाम्या.

तरीही माझं मत पर्यटनाला, पण मोठ्या हॉटेलांच्या नव्हे. घरच्या दोन खोल्या, सोलकढी-बांगड्याचं ताट, पैसा वाडीतच राहतो. आमदारांनी आधी खाणींच्या उघड्या खड्ड्यांना कुंपण घालून घ्यावं आणि गडाची वाट नीट करावी.