लाइफ जॅकेटच्या आत गादीचा स्पंज निघाला

रत्नागिरी जिल्ह्यातल्या हर्णै बंदरात आमची गिलनेटची, म्हणजे पाण्यात उभं जाळं लावून मासे धरायची, बोट आहे. तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या, धरून सात माणसं असतात. मागच्या हंगामाच्या सुरुवातीला बोटीसाठी लाइफ जॅकेटं, पाण्यात पडलेल्याला फेकायच्या तरंगत्या रिंगा आणि संकटात इशाऱ्यासाठी पेटवायचे फ्लेअर घेताना आम्ही फसलो, आणि ते कळलं तेव्हा आमचा एक खलाशी पाण्यात होता. पैसे गेले त्याचं मला तेवढं नाही. पण तोच माल घेऊन तोच माणूस किंवा त्याच्यासारखा दुसरा कुणी यंदाही एखाद्या बंदरावर उतरेल, म्हणून जे झालं ते जसंच्या तसं लिहितो आहे.

१ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस मासेमारी बंद. बोट वर ओढलेली असते आणि जुलै संपता संपता सुतारकाम, रंग, इंजिन, जाळ्यांची डागडुजी सगळं एकदम अंगावर येतं. परवान्याची कागदपत्रंही त्याच सुमारास. दोन महिने उत्पन्न नाही, खलाशांना उचल दिलेली, पहिल्या फेरीच्या डिझेल-बर्फाचे पैसे उभे करायचे असतात. नारळी पुनवेला आठ-दहा दिवस असताना तो माणूस टेम्पो घेऊन आला. आमची ही ओढाताण त्याला चांगली ठाऊक होती, असं आता वाटतं.

बोलायला गोड. दाभोळ, जयगड करून आलोय म्हणाला, तिकडच्या दोन-तीन नाखव्यांची, म्हणजे बोटमालकांची, नावंही घेतली. त्यातल्या एकालाही आम्ही फोन लावला नाही. "परवान्याच्या तपासणीला जे जे लागतं ते सगळं एका किटमध्ये," हे वाक्य त्याने चार वेळा म्हटलं असेल. किटमध्ये आठ जॅकेटं, दोन रिंगा, हातात धरायचे चार फ्लेअर, दोन रॉकेट, आग विझवायचा एक सिलिंडर आणि औषधांची पेटी. सगळे मिळून ११,८०० रुपये. मुंबईत एका दुकानात मी आधी चौकशी केली होती, तिथे नुसत्या आठ जॅकेटांचेच याहून जास्त सांगितले होते. तिथेच मी थांबायला हवं होतं. पण त्या दिवशी आम्ही नऊ बोटवाल्यांनी मिळून घेतलं, आणि नऊ जण घेतायत म्हटल्यावर दहाव्याला शंका येत नाही.

जॅकेट दिसायला नवं कोरं. भगव्या रंगाचं, खांद्यावर चंदेरी पट्ट्या, दोरीला शिट्टी, छातीवर गोल शिक्का आणि त्यात नौवहन खात्याची मंजुरी असल्याचं इंग्रजीत छापलेलं. आमच्या तांडेलकाकांनी एक हातात घेऊन दोन्ही पंजांत दाबलं आणि म्हणाले, "मऊ लागतंय रे हे." मी म्हटलं, "मऊ आहे तर घालायला बरं, काका." ते काही बोलले नाहीत. चाळीस वर्षं समुद्रावर काढलेल्या माणसाचा हात मी एका वाक्यात बाजूला सारला, हे मला अजून टोचतं.

तपासणी झाली, नग मोजले, फोटो निघाले. त्यानंतर जॅकेटं प्लास्टिकसकट केबिनच्या फळीखाली गेली. आमच्याकडे जॅकेट कुणी अंगात घालत नाही. जाळं ओढताना हुक, बोये, दोऱ्या त्यात अडकतात, उन्हात अंग उकडतं. हे त्या विकणाऱ्याला पक्कं माहीत होतं आणि त्याचा धंदा त्याच्यावरच चालला होता. जे कधी पाण्याला लागणारच नाही त्याच्या आत काय आहे याची त्याला फिकीर नव्हती.

ऑक्टोबर संपत आला होता. बावीस वाव, म्हणजे साधारण चाळीस मीटर खोल पाण्यात जाळी मारली होती. पहाटे ओढायला घेतली तेव्हा वारा वाढत चालला होता आणि वायरलेसवर बाकीच्या बोटी आत यायचं बोलत होत्या. आमच्यात एक खलाशी नेपाळचा, डोंगरातला मुलगा. रत्नागिरीच्या बंदरांवर अशी पुष्कळ मुलं कामाला आहेत. समुद्र त्यांनी इथे येऊन पहिल्यांदा पाहिलेला असतो आणि पोहायला बहुतेकांना येत नाही. वारा बघून त्याने एकट्याने जॅकेट काढून घातलं. बाकीचे त्याला हसले. मीही काही बोललो नाही.

अर्ध्याहून जास्त जाळी वर आली होती. बोट त्या अंगाला कलली, मागून लाट आली आणि तो गेला. ओरडायलाही वेळ मिळाला नाही.

पहिली दोन-तीन मिनिटं तो बरा तरंगत होता. हात वर करत होता, डोकं पूर्ण पाण्याबाहेर. आम्हाला लगेच वळता येईना, कारण जाळं अजून पाण्यात होतं आणि इंजिन टाकलं असतं तर ते पंख्यात गेलं असतं. काकांनी जाळं कापायला लावलं. तेवढ्या वेळात मी रिंग फेकली. ती त्याच्यापासून चार हातांवर पडली आणि माझ्या डोळ्यांदेखत एका अंगाला कलंडून अर्धी बुडाली. तो तिच्याकडे सरकला, हात टाकला, आणि रिंग त्याच्या वजनाने खाली गेली. तोवर पाणी त्याच्या हनुवटीला लागलं होतं. मग लाट आली की नाकातोंडात. कमरेच्या पट्ट्याचं बक्कल तुटलं आणि जॅकेट वर सरकून तोंडावर आलं. ते सावरण्यातच त्याचे दोन्ही हात अडकले.

माझ्या पुतण्याने डिझेलचा ३५ लिटरचा रिकामा कॅन घेतला, झाकण आवळलं, दोरी बांधली आणि टाकला. दुसऱ्या फेकीला कॅन त्याच्या हाताला लागला. त्या कॅनला त्याने अशी मिठी मारली की वर घेतल्यावरही सोडेना. वर घेताना तिघांना जोर लावावा लागला, जॅकेट पाणी पिऊन एवढं जड झालं होतं. पाणी ओकून झाल्यावर तो पहिल्यांदा बोलला ते हे, "शेठ, जॅकेट भारी होता गया."

आंजर्ल्याच्या खाडीत येऊन बोट नांगरली. ओलं जॅकेट माशांच्या काट्यावर ठेवलं तर साडेचार किलो भरलं. मग सुरीने शिवण उसवली. दोरा साधा सुती होता, बोटानेच तुटत होता. आत दोन थर निघाले. बाहेरच्या बाजूला पॅकिंगच्या फोमचे पातळ तुकडे, टीव्हीच्या खोक्यात असतात तसे. आणि मधे, सगळ्यात जाड थर, जुन्या गादीचा पिवळा स्पंज. एका तुकड्याला गादीच्या खोळीचा फुलाफुलांचा कपडा अजून चिकटलेला होता. पिळला तर तांब्याभर पाणी निघालं.

जॅकेटचा खरा फोम आतून बंद पुटकुळ्यांचा असतो, प्रत्येक पुटकुळीत हवा कोंडलेली. तो किती वेळ पाण्यात ठेवा, पाणी आत शिरत नाही. आंतरराष्ट्रीय नियमात जॅकेट चोवीस तास गोड्या पाण्यात बुडवून ठेवल्यावर त्याची तरंगण्याची ताकद ५ टक्क्यांपेक्षा जास्त कमी होता कामा नये असं आहे. बेशुद्ध माणसाला उताणं करून त्याचं तोंड पाण्याच्या वर धरलं पाहिजे, हेही त्यात आहे. आमच्या जॅकेटाने दहा मिनिटंही तग धरला नाही.

मग रिंग फोडली. वर प्लास्टिकचं कवच, आत थर्माकोलचा चुरा, आणि एका बाजूला सिमेंटचा गोळा. सिमेंट कशाला, हे आधी कळेना. मग पुतण्याने शोधलं. मंजूर रिंगेचं वजन किमान अडीच किलो लागतं. हलकी लागली तर कुणी शंका घेईल, म्हणून वजन भरायला सिमेंट! माणसाचा जीव वाचवायच्या वस्तूत सिमेंट भरताना त्या हातांना काहीच कसं वाटलं नाही, हे मला अजून समजत नाही. खरी रिंग साडेचौदा किलो लोखंड लटकवूनही चोवीस तास तरंगली पाहिजे असा नियम आहे.

फ्लेअरवर २०२७ पर्यंत चालतील असं लिहिलेलं होतं. स्टिकरखाली नख घातलं तर ते सहज सुटलं. खाली मूळ छापलेली तारीख २०१७ ची. फ्लेअर साधारण तीन वर्षं चांगले धरतात, म्हणजे २०१४ च्या आसपासचा माल, कुठल्या तरी जहाजावरून उतरलेला. खेचायच्या दोरीची कडी गंजून चिकटली होती. आगीच्या सिलिंडरचा काटा हिरव्यावर होता, पण तो हलतच नव्हता. खटका दाबला तर नुसती हवा फुसफुसली.

दुसऱ्या दिवशी बाकीच्या आठ बोटवाल्यांना बोलावून त्यांच्या देखत त्यांचं एकेक जॅकेट उसवलं. सगळीकडे तेच.

बिल नीट वाचलं ते तेव्हा. पत्ता मुंबईचा, पण जीएसटी नंबर २४ ने सुरू होणारा. महाराष्ट्राचा नंबर २७ ने सुरू होतो, २४ गुजरातचा. पंधरा अक्षर-आकड्यांचा तो नंबर जीएसटीच्या वेबसाइटवर टाकला तर त्या नावाचा कुणीच नाही. माणसाचा फोन बंद. मंजुरीचं म्हणून जे प्रमाणपत्र दिलं होतं, त्याची झेरॉक्स नऊही बोटींना तीच, आणि सगळ्या जॅकेटांवर अनुक्रमांकही एकच. बहात्तर जॅकेटं आणि नंबर एक! हे आम्ही घेतानाच पाहिलं असतं तर दिसलं असतं.

पोलिसांत तक्रार दिली, भारतीय न्याय संहितेच्या ३१८ कलमाखाली फसवणुकीची. उसवलेलं जॅकेट, फुटलेली रिंग, बिल सगळं पंचनाम्यात आहे. ग्राहकांच्या १९१५ या हेल्पलाइनवरही नोंद केली. विकणाऱ्याचा खरा पत्ता सापडला तर जिल्हा ग्राहक आयोगात जायचं ठरलं आहे. पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला तिथे फी लागत नाही, मात्र दोन वर्षांच्या आत जावं लागतं. पैसे परत आलेले नाहीत.

असा धंदा फक्त आपल्याकडे चालतो असं नाही. २०१६ च्या जानेवारीत तुर्कस्तानात इझमिरला पोलिसांनी एका बेकायदा कारखान्यातून हजारावर बनावट जॅकेटं पकडली होती. समुद्र ओलांडून ग्रीसला निघालेल्या निर्वासितांना ती विकायची होती, आणि आत पॅकिंगचंच सामान होतं.

आता घेताना आम्ही काय करतो ते सांगतो. पैसे देण्याआधी एक जॅकेट पिंपात, वर दगड ठेवून, रात्रभर बुडवतो. जो विक्रेता याला नको म्हणतो त्याच्याकडून घेत नाही. दुसरं जॅकेट ज्याला पोहता येतं असा माणूस घालून खाडीत गळाभर पाण्यात उतरतो आणि पाय वर घेतो. हनुवटी पाण्याच्या वर राहिली पाहिजे. अंधारात मोबाइलची बॅटरी डोळ्याजवळ धरून चंदेरी पट्टीवर मारायची. खरी पट्टी रस्त्यावरच्या फलकासारखी डोळ्यात चमकते, खोटी नुसती राखाडी दिसते. तरंगवण्याच्या ताकदीचे १०० न्यूटन आणि १५० न्यूटन असे आकडे जॅकेटवर असतात. बाहेर समुद्रात जाणाऱ्याने १५० चंच घ्यावं. ५० लिहिलेलं जॅकेट पोहता येणाऱ्याला किनाऱ्याजवळ आधार म्हणून असतं. फ्लेअरची तारीख नळीवर छापलेली हवी, स्टिकरवर नको. आणि चालतो का हे बघायला फ्लेअर कधीही पेटवू नका, तो संकटाचा इशारा आहे, कुणीतरी बोट घेऊन शोधायला निघेल. आगीच्या सिलिंडरवर आयएसआयच्या खुणेखाली जो सीएम/एल नंबर असतो तो बीआयएस केअर ॲपवर टाकला की कारखान्याचं नाव येतं.

केबिनच्या दारावर आम्ही रंगाने दोन आकडे लिहिले आहेत : व्हीएचएफचं, म्हणजे बोटीवरच्या वायरलेसचं, १६ नंबर चॅनल आणि तटरक्षक दलाचा १५५४. किनाऱ्याजवळ मोबाइलला रेंज असते, तिथे १५५४ लागतो. पुढे १६ नंबरच. नवीन खलाशी आला की पहिल्याच दिवशी त्याला वायरलेसचं बटण दाबून दाखवतो. आधी ते फक्त तांडेलला माहीत असायचं. तांडेलच पाण्यात पडला तर काय, हे कुणी विचारलंच नव्हतं.

नऊ जणांनी मिळून जॅकेटं पुन्हा घेतली. या वेळी जॅकेटं दोरी-बोये अडकणार नाहीत अशी, अंगाला घट्ट बसणारी आहेत. महाग पडली. एका नाखव्याने यासाठी बायकोची पाटली गहाण ठेवली, हे मी स्वतः पाहिलं आहे.

ज्यांच्याकडे मुंबईचा पत्ता आणि २४ ने सुरू होणारा जीएसटी नंबर असलेलं असं बिल असेल, त्यांनी माल फेकून देऊ नये. एक जॅकेट चार साक्षीदारांसमोर उसवा, फोटो काढा आणि आपल्या पोलीस ठाण्यात तक्रार द्या. उसवलेला स्पंज पुरावा आहे, तो ओलाच राहिला तर कुजतो. आधी सुकवा, मग पिशवीत बांधा.

तो नेपाळी खलाशी आगोटीला, म्हणजे पावसाळ्यात मासेमारी बंद झाल्यावर, गावी गेला होता. परत येईल की नाही याची आम्हाला खात्री नव्हती. जुलैच्या शेवटी त्याचा फोन आला. पगाराचं काही बोलला नाही, विचारलं, "शेठ, जॅकेट पानी में रखके देखा?" म्हटलं, तू ये, तूच ठेव. आल्या दिवशी त्याने आठही जॅकेटं मच्छीमार सोसायटीच्या टाकीत टाकली, वर नांगर ठेवला आणि रात्री तिथेच बाजूला झोपला.