बंदी कशावर: अनैतिकतेवर की अपायावर?

एका मित्राचं गाडं इथेच अडलंय. जुगार त्याला मनापासून नकोसा वाटतो, पण कायद्याने बंद करावा का म्हटलं की गप्प होतो. पर्याय दोन: समाजाला अनैतिक वाटतं म्हणून बंदी, किंवा दुसऱ्याला अपाय होतो तेवढ्यापुरती बंदी. घोषणा बाजूला ठेवू आणि दोन्ही पर्याय तीन बाबतींत तपासू: पुरावा, अंमलबजावणी, व्याप्ती.

पुरावा. अपाय दाखवता येतो, किळस नाही. १९५७ च्या वुल्फेंडन अहवालाने (सरकारने नेमलेल्या समितीचा अहवाल) ब्रिटनमध्ये प्रौढ पुरुषांचे संमतीचे, खासगी समलिंगी संबंध गुन्हा मानू नयेत असं सुचवलं. याला विरोध करणारे ब्रिटिश न्यायाधीश डेव्हलिन यांचं म्हणणं, सामाईक नीती ढासळली तर समाजच विस्कटेल. कायद्याचे तत्त्वज्ञ हार्ट यांनी विचारलं, याला पुरावा काय? १९६७ मध्ये इंग्लंड-वेल्समध्ये कायदा बदलला. समाज काही विस्कटला नाही.

अंमलबजावणी. बंद दाराआडच्या, राजीखुशीच्या गोष्टीत तक्रारदारच नसतो. मग खबरे आले, पाळत आली, हप्ते आले. अमेरिकेची दारूबंदी १९२० ते १९३३ टिकली आणि चोरट्या दारूवर टोळ्या पोसल्या गेल्या. (तिथे कारणं नीतीची तशी अपायाचीही होती, हे कबूल.)

व्याप्ती. इथे मात्र अपायवाले अडखळतात. कुणी स्वतःच्याच कुत्र्याला चटके देतो. दुसऱ्या माणसाचं काय बिघडलं? तरी बंदी हवीच, आणि ती नीतीतूनच येते.

म्हणून प्रौढांच्या संमतीचा मामला असेल तर अपायाची कसोटी घ्या. जुगारात घरच्यांचे पैसे बुडत असतील तर नियमन त्यापुरतं. ज्याला संमती देताच येत नाही, अशा मुक्या जिवासाठी नीतीचा आधार चालेल.