दोन दिवसांचं ट्रेनिंग आणि तीन महिन्यांनी परत आलेले सर

अमळनेरला माझं अठरा खाटांचं हॉस्पिटल आहे. सात सिस्टर, चार वॉर्डबॉय, तीन मावश्या, आणि रात्री दोनला हमखास वाजणारा माझा मोबाइल. डिसेंबरात स्टाफसाठी इमर्जन्सी हाताळण्याचं दोन दिवसांचं ट्रेनिंग ठेवलं होतं. धुळे-जळगावचे डॉक्टर मित्र सारखे विचारतात, "पैसे वसूल झाले का रे?" म्हणून एकदाच लिहून टाकतो. फी 45 हजार, जेवण आपलं. संस्थेचं नाव देत नाही, कारण तिच्या ऑफिसवर माझा राग आहे.

तो राग आधी काढतो. लहान मुलाचा डमी (सरावाचा पुतळा) आणतो म्हणाले, आणलाच नाही. स्लाइड सगळ्या इंग्रजीत. आमच्या मावश्या पहिला अर्धा तास देवळात बसल्यासारख्या हात जोडून बसल्या होत्या. बिल तीनदा दुरुस्त करून घ्यावं लागलं.

आता शिकवायला आलेल्या सरांबद्दल. मूळचे भूलतज्ज्ञ, पुढे पुण्यात एका मोठ्या हॉस्पिटलचे मुख्य अधिकारी. ती खुर्ची सोडून गेली काही वर्षं ते शिकवतात, आणि शिकवलेलं टिकतं का यावर संशोधन करतात. मला वाटलं, रिटायर्ड साहेब, जुने पराक्रम ऐकवणार. त्यांनी खुर्चीवरच्या दिवसांची एकच गोष्ट सांगितली, तीही स्वतःच्या फजितीची. वॉर्डात चूक झाली की ते लेक्चर ठेवायचे. हजेरी पूर्ण, सह्या पूर्ण, आणि महिन्याभरात पुन्हा तीच चूक.

मग फळ्यावर त्यांनी वैद्यकीय शिक्षणतज्ज्ञ जॉर्ज मिलर यांचा 1990 चा पिरॅमिड काढला. तळाला 'माहीत आहे', त्यावर 'कसं करायचं ते माहीत आहे', मग 'करून दाखवतो', आणि टोकाला 'रोज करतो'. आम्ही धुळ्याला शिकलो तेव्हा लाँग केस (एकच पेशंट पूर्ण तपासून परीक्षकाला सांगायचा) आणि तोंडी परीक्षेत बहुतेक खालच्या दोन पायऱ्याच बघितल्या जायच्या. परीक्षकाचा मूड ही तिसरी! माझा पुतण्या 2019 नंतरच्या नव्या अभ्यासक्रमातला. त्याला पेशंटशी बोलायचं कसं हेसुद्धा शिकवतात. आम्ही ते पेशंटच्या शिव्या खाऊन शिकलो.

सीपीआर, म्हणजे हृदय बंद पडलं की छाती दाबून जीव वाचवायचा प्रयत्न, शिकवताना सरांनी आधी सगळं न बोलता करून दाखवलं. दुसऱ्यांदा समजावत केलं. तिसऱ्यांदा म्हणाले, तुम्ही सांगा, मी करतो. आमची एक सिस्टर म्हणाली, "दाबा." सर हलेनात. "कुठे?" "छातीवर." "छातीवर कुठे? किती खोल? मिनिटाला किती वेळा?" पंधरा वर्षं नोकरी झालेली बाई घामाघूम. मध्यभागी, पाच ते सहा सेंटिमीटर, मिनिटाला 100 ते 120 हे तिच्या तोंडून निघेपर्यंत सर डमीवर हात ठेवून नुसते बसून राहिले. चौथ्या फेरीत सगळ्यांनी केलं. सगळ्यात चांगलं दाबलं ते पूर्वी जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलणाऱ्या वॉर्डबॉयनं.

दुसऱ्या दिवशी ओपीडीच्या पॅसेजमध्ये सहा टेबलं मांडली, प्रत्येकावर एक काम. घंटा वाजली की पुढच्या टेबलाकडे. परीक्षेची ही पद्धत रोनाल्ड हार्डन यांनी 1975 मध्ये स्कॉटलंडातल्या डंडीहून मांडली, आज मेडिकलची पोरं तिला घाबरतात. एका टेबलावर पेशंट म्हणून आमची मावशी बसली. तिला दिलेला कागद शुद्ध पुणेरी: "माझ्या छातीत वेदना होत आहेत." तिनं तो बाजूला ठेवला आणि आपल्या अहिराणीत म्हणाली, "जीव कसातरी व्हस वं माय." सरांच्या तपासणी यादीत हे वाक्य नव्हतं. पण सिस्टरनं एका दमात घाम, उलटी, शुगर विचारली आणि ईसीजी मागवला. आमच्याकडे हार्ट अटॅकचा पेशंट अनेकदा याच शब्दांत येतो. सरांनी पेन काढून यादीत ते वाक्य लिहून घेतलं. मला माणूस तिथं आवडला.

दुपारी भरीत आणि कळण्याच्या भाकरी. सरांनी ठेचा मागून घेतला आणि मग बराच वेळ काही बोलले नाहीत.

पण माझे पैसे वसूल झाले ते वेगळ्याच कारणानं. ट्रेनिंगच्या आधी पंधरा दिवस सरांनी मला एक वही ठेवायला लावली होती. रात्री सिस्टरचा फोन आला की पल्स, बीपी, औषध यातलं काय मला उलट विचारावं लागलं ते लिहायचं. 31 फोन आले, 22 वेळा विचारावं लागलं. "सर, पेशंटला बरं वाटत नाहीये" एवढंच. ट्रेनिंगमध्ये फोनचा क्रम घोटून घेतला: मी कोण, पेशंट कोण, आत्ता काय झालं, आधीचं काय, मला काय वाटतं, तुमच्याकडून काय हवं. मार्चमध्ये पुन्हा पंधरा दिवस वही. 28 फोन, उलट विचारलं 9 वेळा.

तीन महिन्यांनी सर परत आले तेव्हा मी खूश होऊन आकडे दाखवले. सरांचा चेहरा आंबट! म्हणाले, "पेपर काढणारे तुम्ही, तपासणारेही तुम्ही. मध्ये एक नवी, हुशार सिस्टर आली. शिवाय ज्यांना शिकवलंच नाही असा दुसरा गट कुठे आहे?" सुधारणा कोर्समुळेच झाली असं ते शेवटपर्यंत म्हणाले नाहीत. मग रात्री अकरापासून वॉर्डात स्टुलावर बसले आणि कोण काय करतं ते बघत राहिले. पहाटे मला सांगितलं की फोन सुधारलेत, पण इमर्जन्सी ट्रॉलीचं कुलूप उघडायला चार मिनिटं लागतात. किल्ली माझ्या केबिनमध्ये असायची. ती तिथं ठेवायला लावणारा मीच.

पाचापैकी चार. एक ऑफिससाठी कापला. बुक करायचं असेल तर थंडीत करा, मे महिन्यात पत्र्याखाली कोणी शिकत नाही. स्लाइड मराठीत हव्यात हे आधीच सांगा. आणि तीन महिन्यांनंतरची भेट लेखी घ्या. ऑफिस ती 'ऐच्छिक' म्हणून 12 हजार वेगळे मागतं आणि घेऊ नका असंच सुचवतं. ते 12 हजार द्या.