लॅपटॉपची स्क्रीन काळी होते म्हणून दुरुस्तीला देताना : नागपुरातील फसवणुकीचा अनुभव

लॅपटॉपची स्क्रीन अधूनमधून काळी होणे ही दुरुस्तीच्या बाजारातील अगदी नेहमीची तक्रार आहे आणि ग्राहकाला फसवण्यासाठी सर्वांत सोयीचीही हीच आहे, कारण या एका लक्षणामागे बिजागरीपाशी झिजलेली केबल असू शकते किंवा निकामी झालेला मदरबोर्ड असू शकतो, आणि बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसते. सीताबर्डी परिसरातील एका दुरुस्ती दुकानाने माझ्याकडून ‘ग्राफिक्स चिपच्या’, म्हणजे स्क्रीनवरचे चित्र तयार करणाऱ्या चिपच्या, कामाचे ८,५०० रुपये घेतले. ते काम झालेच नव्हते आणि, पुढे कळले त्याप्रमाणे, होणे शक्यही नव्हते. त्याशिवाय लॅपटॉपचे मूळ डिस्प्ले पॅनेल काढून त्या जागी हलक्या प्रतीचे पॅनेल बसवण्यात आले. प्रकरण ग्राहक आयोगापुढे असल्यामुळे दुकानाचे नाव येथे देत नाही, परंतु फसवणूक कशी झाली आणि ती पुराव्यानिशी कशी उघडकीस आली, हे सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते.

इतवारीतील काही घाऊक व्यापाऱ्यांच्या हिशेबाचे आणि जीएसटी विवरणपत्रांचे काम मी घरून करतो. दर महिन्याच्या ११ आणि २० या तारखांच्या मुदती चुकल्या तर विलंब शुल्क व्यापाऱ्याला भरावे लागते. त्यामुळे ऐन मे महिन्यात स्क्रीन मध्येच काळी होऊ लागली, तेव्हा दुरुस्ती लांबवणे शक्य नव्हते. स्क्रीन जाई, पण लॅपटॉप बंद पडत नसे. पंखा फिरत राही, कॅप्स लॉकची कळ दाबली की तिचा दिवा लागे, संदेश आल्याचा आवाजही येई. कधी झाकण थोडे मागेपुढे केले की चित्र परत येई, आणि त्याच सुमारास कॅमेराही मधूनच ‘सापडत नाही’ असे दाखवू लागला होता. ही सर्व लक्षणे मी दुकानात सांगितली होती. जाणकार कारागिराला रोगाचा पत्ता लागण्यास एवढे पुरेसे होते, असे मी आज ठामपणे म्हणू शकतो.

दुकानदाराने लॅपटॉप चालू करून पाहिला, स्क्रीन एकदा गेल्याचे त्याने स्वतः पाहिले आणि तत्काळ निदान केले : “नागपूरच्या उन्हात ग्राफिकची चिप उडतेच भाऊ. बोर्डाचं काम करा लागन, नाहीतर एक दिवस पूर्ण डेड होऊन जाईन.” ऐकणाऱ्याला हे पटण्यासारखे वाटते, कारण पारा ४५ अंशांवर गेलेला असतो आणि घरातील प्रत्येक यंत्र तापलेले असते. परंतु लॅपटॉपमधील प्रोसेसर साधारण १०० अंशांपर्यंतचे तापमान सहन करण्यासाठी बनवलेला असतो. त्याच्या मर्यादेजवळ पोहोचल्यावर तो आधी आपला वेग कमी करतो आणि तरीही तापमान वाढत राहिले तर संपूर्ण यंत्र बंद होते. पंखा, दिवे आणि आवाज सुरळीत चालू राहून केवळ स्क्रीन जाणे हे अतिउष्णतेचे नेहमीचे लक्षण नव्हे.

लॅपटॉप ठेवून घेतल्यानंतर दुसऱ्या दिवशी दुकानातून फोन आला की यंत्र आता अजिबात चालू होत नाही. सोबत काळ्या स्क्रीनचा व्हिडिओही पाठवण्यात आला. मी चालू स्थितीत दिलेले यंत्र रात्रीतून ‘डेड’ झाले, हे ऐकल्यावर माझ्यासारख्या ज्याचे काम अडलेले आहे अशा माणसापुढे होकार देण्यावाचून मार्ग उरत नाही, आणि त्या फोनचा हेतूही तोच असावा असे माझे मत आहे. स्क्रीनच्या केबलचे टोक आतून सैल केले तरी तसा व्हिडिओ सहज काढता येतो. लॅपटॉप परत देताना पावती म्हणून ‘मदरबोर्ड रिपेअर’ एवढेच हाताने लिहिलेली चिठ्ठी देण्यात आली. रीतसर बिल मागितले तेव्हा “बिल घेतलं तर १८ टक्के वेगळे लागतीन” असे उत्तर मिळाले. मी कर भरण्यास तयार आहे असे सांगूनही बिल मिळाले नाही.

लवकरच स्क्रीन पूर्वीसारखीच जाऊ लागली. त्याहूनही वेगळी गोष्ट अशी की, स्क्रीनकडे थोडे खालून पाहिले की रंग उलटे आणि काळपट दिसत. आयपीएस प्रकारच्या पॅनेलमध्ये असे होत नाही, स्वस्त टीएन प्रकारच्या पॅनेलमध्ये हमखास होते, आणि माझ्या खरेदीच्या बिलावर पॅनेल आयपीएस असल्याचा उल्लेख आहे. दुकानात विचारले असता स्क्रीनला हातही लावलेला नाही, हमी चिपची होती आणि आता बिघाड विंडोजमध्ये आहे, असे सांगण्यात आले.

यानंतर धरमपेठेतील एका लहान दुकानातील तंत्रज्ञाने माझ्यासमोर बसून जी तपासणी केली, ती वाचकांनी बारकाईने समजून घ्यावी, कारण तिच्यातील बराचसा भाग लॅपटॉप न उघडता घरीच करता येतो. त्यांनी प्रथम स्क्रीन काळी असताना मोबाइलच्या टॉर्चचा प्रकाश तिरपा टाकून पाहिला. अशा वेळी अंधूक चित्र दिसले तर दोष केवळ मागच्या प्रकाशाचा, म्हणजे बॅकलाइटचा असतो. आमच्या बाबतीत काहीच दिसले नाही. मग विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या चार कळा एकत्र दाबून त्यांनी ग्राफिक्स ड्रायव्हर, म्हणजे विंडोजमध्ये चित्राचा भाग चालवणारे सॉफ्टवेअर, पुन्हा सुरू केला. दोष ड्रायव्हरचा असेल तर एक लहान आवाज होऊन चित्र बहुधा परत येते, परंतु ते आले नाही. त्यानंतर लॅपटॉप चालू करतानाच बायोसच्या, म्हणजे यंत्राच्या मूळ सेटिंग्जच्या, पानावर नेऊन तसाच ठेवला आणि झाकण सावकाश मागेपुढे केले. तेथेही स्क्रीन गेली. बायोसच्या पानावर विंडोज सुरूच झालेले नसते, त्यामुळे ‘विंडोजचा प्रॉब्लेम’ हे उत्तर तेथेच निकालात निघाले. शेवटी एचडीएमआय केबलने लॅपटॉप दुकानातील मॉनिटरला जोडला. लॅपटॉपची स्क्रीन काळी झाली तरी मॉनिटरवरचे चित्र क्षणभरही हलले नाही, म्हणजे चित्र तयार करणारा भाग शाबूत होता आणि बिघाड त्याच्यापुढे, केबलमध्ये किंवा पॅनेलमध्ये होता.

या शेवटच्या चाचणीला एक मर्यादा आहे. ज्या लॅपटॉपमध्ये प्रोसेसरमधील ग्राफिक्सखेरीज स्वतंत्र ग्राफिक्स चिपही असते, त्यांच्यापैकी काहींत एचडीएमआयचा मार्ग एका चिपकडून आणि स्क्रीनचा दुसरीकडून जातो, त्यामुळे तेथे निष्कर्ष इतका निर्विवाद नसतो. म्हणून तंत्रज्ञांनी यंत्रातील सर्व भागांची यादी दाखवणारा विंडोजमधील डिव्हाइस मॅनेजर उघडून ‘डिस्प्ले अडॅप्टर्स’ हा विभाग दाखवला. तेथे एकच नोंद होती, प्रोसेसरमध्येच अंतर्भूत असलेल्या इंटेल ग्राफिक्सची. माझ्या लॅपटॉपमध्ये स्वतंत्र ग्राफिक्स चिप मुळात नाही. जी चिप यंत्रात नाही तिच्या दुरुस्तीचे ८,५०० रुपये माझ्याकडून घेण्यात आले होते. मला अत्यंत संताप आला, आणि तो अजूनही शमलेला नाही.

यंत्र उघडल्यावर उरलेले चित्र स्पष्ट झाले. बोर्डावर खरोखर चिपचे काम करायचे तर उष्णता वाहून नेणारा धातूचा भाग काढावा लागतो आणि त्याखालची थर्मल पेस्ट पुसून नवी लावावी लागते. येथे पेस्ट जुनी, वाळलेली होती आणि त्या भागावरची धूळही तशीच बसलेली होती. बिजागरीतून वर जाणारी डिस्प्ले केबल मात्र वळणावर झिजून तिच्या बारीक तारा उघड्या पडल्या होत्या. कॅमेऱ्याच्या ताराही त्याच गुंडाळीतून जात असल्याने तो का बंद पडत होता, हेही कळले. नवी केबल मजुरीसह १,४०० रुपयांत बसली आणि तेव्हापासून स्क्रीन एकदाही गेलेली नाही.

पॅनेल बदलल्याचा पुरावा मिळेल अशी मला आशा नव्हती, परंतु तो लॅपटॉपमध्येच होता. प्रत्येक पॅनेल जोडले जाताच स्वतःची ओळख सांगते आणि विंडोज तिची नोंद ठेवते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘मॉनिटर्स’ या विभागातील नोंदीचे गुणधर्म उघडून ‘डिटेल्स’मध्ये ‘हार्डवेअर आयडी’ निवडले की त्या पॅनेलचा संकेतांक दिसतो. त्याची पहिली तीन अक्षरे निर्मात्याची असतात : एयूओ, बीओई, एलजीडी, सीएमएन ही त्यांपैकी नेहमी आढळणारी. ‘व्ह्यू’ मेनूतून ‘शो हिडन डिव्हायसेस’ निवडल्यावर पूर्वी जोडलेल्या आणि आता नसलेल्या उपकरणांच्या नोंदीही फिकट रंगात दिसतात. माझ्याकडे फिकट नोंद एलजीडीची होती, चालू नोंद बीओईची होती, आणि चालू पॅनेल प्रथम जोडले गेल्याची तारीख लॅपटॉप त्या दुकानात असतानाची होती. पॅनेलच्या मागील बाजूच्या लेबलवरही बीओईचाच क्रमांक होता. बीओई ही मोठी आणि चांगली पॅनेलेही बनवणारी कंपनी आहे, दोष तिचा नाही. तिचे स्वस्तातले पॅनेल मला न सांगता बसवण्यात आले, हा माझा आक्षेप आहे. एक मात्र सांगायला हवे की विंडोज नव्याने टाकले तर या सर्व नोंदी पुसल्या जातात. त्यामुळे लॅपटॉप दुरुस्तीला देण्यापूर्वीच या संकेतांकाचे, तसेच रॅम आणि एसएसडीच्या माहितीचे छायाचित्र काढून ठेवावे, आणि हार्डवेअरच्या तक्रारीसाठी कोणी ‘फॉरमॅट’ करण्याचा आग्रह धरला तर त्याचे कारण लेखी मागावे.

दुकानात देताना यंत्र चालू स्थितीत आहे, त्याचा अनुक्रमांक काय आहे आणि तक्रार नेमकी कोणती आहे, हे पोचपावतीवर लिहून घ्यावे. लिहून देण्यास नकार देणाऱ्या दुकानात यंत्र ठेवू नये. चिपचे काम सुचवले गेले तर कोणती चिप, हे नावानिशी विचारावे आणि बाहेरच्या मॉनिटरवरची चाचणी स्वतःसमोर करण्यास सांगावे. प्रामाणिक कारागीर या प्रश्नांनी दुखावत नाही. धरमपेठेतील तंत्रज्ञांनी तर न विचारताच प्रत्येक पायरी दाखवली.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू आहे, आणि दिलेल्या सेवेचे बिल न देणे ही त्यात अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे. जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, मोबदल्याची रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही आणि वकील नेमणेही बंधनकारक नाही. मी आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि दुकानाला पोस्टाने लेखी नोटीस पाठवली. त्यानंतर दुकानदाराने ५,००० रुपये ‘समजुतीने’ परत करण्याची तयारी दाखवली, मात्र त्यासाठी कोणतीही तक्रार उरलेली नाही असे लिहून मागितले. मी ते लिहून दिले नाही. पूर्ण रक्कम, मूळ प्रतीचे पॅनेल किंवा त्याची किंमत, आणि तक्रारीचा खर्च अशी मागणी नागपूर जिल्हा आयोगाकडे दाखल केली आहे. तिच्यासोबत डिव्हाइस मॅनेजरमधील नोंदींची छायाचित्रे, खरेदीचे बिल, ती हाताने लिहिलेली चिठ्ठी, झिजलेली केबल आणि दुसऱ्या तंत्रज्ञांचे सहीनिशी दिलेले निवेदन जोडले आहे.