नव्या कार्पेटनंतर खरचटलेलं स्कर्टिंग: जागेवर दुरुस्ती, वरून आवरण की सरळ नवं?

कार्पेट बसवताना स्कर्टिंगला, म्हणजे भिंतीच्या पायथ्याच्या पट्टीला, मार लागतो तो तीन प्रकारे. ताणायच्या अवजाराचे ठोके बसतात, कडा कापताना पात्याचे चरे उठतात आणि जुनी खिळेपट्टी (कार्पेटची कड धरून ठेवणारी खिळ्यांची पट्टी) उपटताना खालच्या कडेचे टवके उडतात. त्यात नवं कार्पेट जुन्यापेक्षा पातळ असेल तर खाली बिनरंगाची एक पट्टी उघडी पडते. ते नुकसान नसलं तरी डोळ्यांना तितकंच खुपतं.

पर्याय तीन आहेत: जागच्या जागी लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) भरून रंगवणं, जुन्या स्कर्टिंगवर तयार आवरण चिकटवणं, नाहीतर जुनं काढून नवं ठोकणं. माझा कल स्पष्टपणे पहिल्याकडे आहे. तरी ठरवण्याआधी एवढं करा. टॉर्च भिंतीला समांतर धरून प्रकाश स्कर्टिंगवर तिरपा पाडा आणि प्रत्येक ओरखड्यावरून नख फिरवा. नख अडकलं नाही तर फक्त रंग गेलाय. अडकलं तर लांबी लागेल. बोटाने दाबल्यावर लाकूड भुसभुशीत लागलं किंवा एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेली फळी) फुगलेलं दिसलं, तर तिथे ओल पोचली आहे. आधी ती कुठून येते ते शोधा. त्यावर भरलेली लांबी टिकत नाही.

जागेवरच्या दुरुस्तीत खरं कौशल्य रंगकामाचं नसून कार्पेट सांभाळण्याचं आहे. नवं कार्पेट सुरुवातीला तंतू सोडतं आणि ते ओल्या रंगात बसले की खरखर कायमची राहते. म्हणून कडेने व्हॅक्यूम आधी फिरवा. मग रुंद मास्किंग टेप कार्पेटच्या कडेवर अशी लावा की ती थोडी स्कर्टिंगवर चढेल, आणि पुट्टीच्या रुंद पत्र्याने ती फटीत खाली दाबा. टेपबरोबर कार्पेटचे केस खाली दबतात आणि स्कर्टिंगची कड मोकळी होते. पुढच्या कार्पेटवर प्लास्टिक अंथरा.

लांबी वाळताना आकसते, म्हणून किंचित उंच भरा; खोल खड्ड्याला दोन थर लागतात. घासायला आधी १२० नंबरचा पॉलिश पेपर, मग २४०, आणि व्हॅक्यूमची नळी घासणाऱ्या हाताशेजारीच धरा. रंग फार जुना असेल तर त्यात शिसं असू शकतं. तपासल्याशिवाय तो कोरडा घासू नका. एमडीएफच्या कापलेल्या कडेवर पाण्याचा प्रायमर लावला की तंतू उभे राहतात, तेव्हा तो वाळल्यावर पुन्हा हलका पेपर मारावा लागतो.

रंग पाण्याचा की तेलाचा? तेलाचा सपाट पसरतो, कडक होतो. पण तो सावकाश वाळतो, तोवर तंतू चिकटत राहतात, आणि पांढरा असेल तर अंधाऱ्या कोपऱ्यात पुढे पिवळा पडतो. कार्पेटशेजारी मी पाण्याचाच सुचवेन. जुन्या तेलाच्या रंगावर तो द्यायचा तर आधी पेपर मारून चकाकी घालवा आणि प्रायमर लावा. आणि ठिगळ लावू नका. जुना पांढरा रंग बदललेला असतो, त्यामुळे नवा डाग लगेच ओळखू येतो. एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत अख्खी पट्टी रंगवा.

आवरणाची गोष्ट वेगळी. एमडीएफ किंवा पीव्हीसीची पोकळ पट्टी जुन्या स्कर्टिंगवर टोपीसारखी बसते. घासणं जवळजवळ नाही, काम झटपट. जुनं स्कर्टिंग मजबूत असेल पण त्यावर रंगाचे थरावर थर आणि असंख्य खड्डे असतील, तर हा पर्याय मोलाचा. अडचण जाडीची. दाराच्या चौकटीपाशी स्कर्टिंग चौकटीच्याही पुढे येतं आणि ते टोक विचित्र दिसतं. विकत घेण्याआधी उंची आणि जाडी चार-पाच ठिकाणी मोजा, मुख्यतः दारापाशी. पट्टी कार्पेटला जेमतेम टेकू द्या, दाबू देऊ नका.

नवं स्कर्टिंग फक्त कुजलेल्या, फुगलेल्या किंवा तुटून गेलेल्या तुकड्यांसाठी. कार्पेट अंथरल्यावर हे काम सर्वात जाचक, कारण उखडताना प्लास्टर सुटतं आणि ते थेट कार्पेटवर पडतं. करावंच लागलं तर वरची रंगाची रेघ आधी पात्याने कापा, पहारीमागे लाकडाचा तुकडा ठेवा, आणि नवे खिळे मारण्याआधी मागून वायर किंवा पाइप जातो का ते पाहा. नवी फळी बसवण्यापूर्वीच रंगवून घ्या, म्हणजे नंतर खिळ्यांची भोकंच बुजवायची राहतात. कार्पेटची कड उचलून फळी लावा आणि कड पुन्हा फटीत खोचा. फळीखाली कार्पेट अडकलं तर पुढच्या वेळी बदलताना ही फळी पुन्हा उखडावी लागेल.

फट झाकायला कोपऱ्यात गोल बीडिंग (बारीक गोलसर पट्टी) ठोकायचा सल्लाही मिळेल. ते लाकडी किंवा टाइल्सच्या जमिनीसाठी ठीक. कार्पेटवर ते केस दाबून धरतं आणि कडेला धूळ साठवतं.

टेप कधी काढायची, हे मात्र चुकवू नका. शेवटचा हात पूर्ण कडक व्हायच्या आत, सावकाश, तिरकी ओढत काढा. रंग वाळून गेला असेल तर आधी कडेने पातं हलकं फिरवा, नाहीतर टेपबरोबर नव्या रंगाची सालही निघून येते.