सात महिने वापरलेलं 'गुणवत्ता प्रमाणित' गणिताचं अ‍ॅप: सगळा घोळ उत्तराच्या चौकटीत

सातबाऱ्यावर क्षेत्र ०.८१ हेक्टर. म्हणजे किती आर? मुलगी मराठी कीबोर्डवरून ८१ टाकते. लाल फुली: 'चूक. पुन्हा प्रयत्न करा.' मग ती ८.१ टाकते, मग ८१०. पहिलंच उत्तर बरोबर होतं, पण चौकटीला फक्त इंग्रजी आकडे कळत होते.

अ‍ॅप पाचवी ते आठवीचं, मराठी माध्यम, वर्षाला ३,६०० रुपये. यवतमाळ जिल्ह्यातली जिल्हा परिषदेची शाळा, पैसे लोकवर्गणीचे. आपल्याकडे विदर्भात शाळा जूनअखेर उघडते, तेव्हापासून जानेवारीपर्यंतचा हा अनुभव. व्हिडिओ किती, चाचण्या किती, ते जाहिरातीत आहेच.

युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, देवनागरी ० ते ९ यांचे क्रमांक इंग्रजी आकड्यांहून वेगळे आहेत. उत्तर तपासायच्या आधी हे दहा आकडे बदलून घ्यायचे, एवढंच काम. मदत क्रमांकावर तीनदा फोन केला, तिन्ही वेळा एकच उत्तर: 'कीबोर्ड इंग्रजी करा.' पहिलीपासून ज्या आकड्यांत मूल लिहितं, ते आकडे मराठी माध्यमाच्या अ‍ॅपला चालत नाहीत, आणि तरी त्यावर गुणवत्तेचा शिक्का आहे! याचा संताप येतो.

शिक्क्याखाली लिहिलंय: आशय अचूक, अभ्यासक्रमाशी सुसंगत, भाषा तपासलेली. हे खोटं नाही. धडे खरंच बरोबर आहेत, मसावि-लसावि नीट मांडलेत, १ ही मूळ संख्या नाही हेही स्पष्ट सांगितलंय. पण कोणती आवृत्ती तपासली, कधी तपासली, याचा उल्लेख नाही. ऑगस्टच्या अपडेटनंतर नेट नसताना सगळे अपूर्णांक गायब झाले आणि त्यांच्या जागी तिरप्या रेघा, महिरपी कंस दिसू लागले. अपूर्णांक स्क्रीनवर काढणारा भाग नेटवरून येत होता. शिक्का जुन्या आवृत्तीचा, वापर नव्या आवृत्तीचा. टॅब विमान मोडवर टाकून अ‍ॅप पूर्ण बंद करा, पुन्हा उघडा आणि अपूर्णांकाचा धडा काढा. दोन मिनिटांत कळतं.

शैक्षणिक साहित्य तपासायची 'लोरी' नावाची एक पद्धत आहे. नऊ निकष, प्रत्येकाला १ ते ५ गुण. त्यात आशयाची गुणवत्ता एक निकष आणि शिकणाऱ्याला मिळणारा प्रतिसाद हा वेगळा निकष. पद्धत चांगली आहे. पण नऊंची सरासरी काढली की घात होतो: आठ ठिकाणी ५ आणि प्रतिसादाला १ असले तरी सरासरी साडेचारच्या वर जाते. गणितात प्रतिसादाला पास-नापास असंच मोजायला हवं. बरोबर उत्तराला फुली देणारं साहित्य नापास, बाकी कितीही छान असो.

आम्ही आता प्रत्येक घटकातले दहा प्रश्न घेतो आणि प्रत्येकाला मुद्दाम वेगवेगळी उत्तरं देतो. उत्तर ०.५ असेल तर देवनागरीत, इंग्रजी आकड्यांत, ०.५०, नुसतं .५ आणि १/२. अतिसंक्षिप्त रूप मागितलं असेल तर २/४ नाकारणं योग्य. नुसती बेरीज विचारली असेल तर नाकारणं चूक. मग नेहमीची चुकीची उत्तरं द्यायची. ०.३५ आणि ०.४ हेक्टरमध्ये मोठं वावर कोणतं? बरीच मुलं ०.३५ म्हणतात, कारण ३५ हे ४ पेक्षा मोठे. इथे '०.४ म्हणजे ०.४०, ४० आर' एवढी एक ओळ हवी होती. 'पुन्हा प्रयत्न करा' म्हटल्यावर मूल उरलेला पर्याय दाबतं आणि हिरवी खूण घेऊन पुढे जातं. त्यात अ‍ॅपचा आवाज 'शून्य दशांश पस्तीस' असं वाचतो, म्हणजे कानावरही पस्तीसच पडतात. 'तीन पाच' असं सुटं वाचायला हवं. भाषा तपासणाऱ्याला हे खटकणार नाही, पाचवीला शिकवणाऱ्याला लगेच खटकेल.

इथपर्यंत लिहिलेलं डिसेंबरचं. जानेवारीच्या अपडेटमध्ये देवनागरी आकडे चालू लागले, नेट नसतानाही अपूर्णांक दिसतात. त्यामुळे मत थोडं बदललंय. संख्यारेषेचा खेळ तर आधीपासूनच अप्रतिम आहे: ० ते १ चे दहा भाग, ०.३ वर बोट ठेवून ताणलं की ०.३ ते ०.४ मध्ये आणखी दहा भाग उघडतात. ०.३५ हे ०.४ च्या अलीकडे आहे, हे सांगावं लागत नाही. २०१७ पासूनचं दीक्षा हे सरकारी शैक्षणिक अ‍ॅप फुकट आहे, जिओजेब्रा हे गणिताचं सॉफ्टवेअरही फुकट आहे आणि जिओजेब्रात अशी रेषा करता येते. पण ती शिक्षकाला बसून करावी लागते, इथे ती तयार मिळते.

अ‍ॅपमधली फिकट पिवळी अक्षरं मात्र तशीच आहेत. दुपारी टिनपत्र्याच्या वर्गात दार उघडं असलं की दिसत नाहीत.

३,६०० परत भरायचे की नाही, हे जूनमध्ये ठरेल. सहावीच्या पूर्णांक संख्यांत अजून घोळ आहे: मराठी कीबोर्डवरची छोटी रेघ देऊन -७ लिहिलं तर चालतं, दुसरीकडून चिकटवलेल्या लांब रेघेचं −७ चूक ठरतं. तक्रार स्क्रीनशॉटसह पाठवली आहे. शिक्का नव्या आवृत्तीवरही तोच आहे, आणि त्याच्याखाली तारीख अजून नाही.